रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि दख्खनच्या खडकांतील आद्य सस्तन प्राणी

न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता समोर घारापुरीचे बेट दृष्टीस पडते. त्या बेटावरील लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरलेली आहेत, त्याच जातीच्या पाषाणाचे आमच्या भोवतालचे डोंगर झालेले आहेत. आमच्या जुन्या घरांची जोती, विहिरींचे काठ आणि देवळांच्या पायऱ्या याच दगडाच्या आहेत. हा दगड आपण रोज पायाखाली तुडवितो. परंतु तो येथे कसा आला आणि त्याच्या थरांमध्ये काय दडून राहिले आहे, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी नागपूर येथे एका शाळामास्तराने तो विचार केला. त्यांचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजामुळे हे नाव आपल्या प्रांतात सर्वश्रुत झालेले आहे. तथापि, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या एका चिमुकल्या प्राण्यासही हेच नाव देण्यात आले आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. तो प्राणी कोणता व त्यास हे नाव का मिळाले, हे समजण्यासाठी हिस्लॉप साहेबांचे चरित्र प्रथम पाहिले पाहिजे. म्हणून ते यंदाच्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंड देशातील डन्स नावाच्या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील गवंडीकाम करीत. घरची राहणी साधी, परंतु विद्येची आवड मोठी होती. दगड फोडणे व दगड घडविणे हे ज्या घरातील पोटाचे साधन, त्या घरातील मुलाने पुढे दगडांचेच वाचन करावे, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन ते आपल्या पत्नीसह हिंदुस्थानाकडे निघाले आणि डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस उतरले. मुंबईच्या बंदरात शिरताना त्यांच्या जहाजावरून पूर्वेकडील आमचा हा किनाराही दिसला असेल. मात्र त्या वेळी येथे खाडी, तिवरे, भातखाचरे आणि कोळ्यांच्या होड्या यांवाचून दुसरे काही नव्हते. आज येथे दिसणारे मोठे बंदर १९८९ साली सुरू झाले.

१८४५ च्या आरंभी हिस्लॉप नागपूर प्रांती पोहोचले. तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते आणि इंग्रजांची छावणी जवळच कामठी येथे होती. हिस्लॉप यांनी प्रथम मराठी भाषेचा अभ्यास केला व १८४६ साली नागपुरात शाळा उघडली. शाळा चालविणे, शिकविणे, हिवाळ्यात खेडोपाडी फिरणे आणि लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणे, असा त्यांचा वर्षाचा क्रम असे. लहानपणापासून त्यांस वनस्पती, किडे व दगड गोळा करण्याचा नाद होता. तो नाद त्यांनी येथेही सोडला नाही. मात्र त्यासाठी त्यांनी कर्तव्यातून वेळ चोरला, असे कोणासही म्हणता येणार नाही. फिरणे तर होणारच होते. हिस्लॉप यांनी फक्त फिरताना डोळे उघडे ठेवले.

१८५१ साली हिस्लॉप व त्यांचे सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे नागपूरजवळील टाकळी या गावाकडे फिरावयास गेले असता त्यांस खडकात रुतलेले शंख दिसून आले. ते गोड्या पाण्यातील शंख होते. समुद्रापासून शेकडो मैल दूर, उष्ण रसापासून बनलेल्या काळ्या दगडाच्या प्रदेशात तळ्यातील शंख कोठून यावेत? त्यांनी शोध सुरू ठेवला. हळूहळू त्याच थरातून माशांचे खवले, झाडांची फळे व बिया, किड्यांचे अवशेष आणि हाडांचे तुकडे मिळत गेले.

याचा उलगडा असा आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीस भेगा पडून तप्त शिलारसाचे लोट बाहेर आले. एक लोट पसरून थिजला की काही काळ शांतता असे. त्या शांततेच्या काळात थिजलेल्या दगडावर माती साचे, पावसाचे पाणी साठून तळी होत, झाडे उगवत, आणि जीवजंतू तेथे वस्ती करीत. मग पुन्हा दुसरा लोट येऊन हे सर्व गाडून टाकी. अशा रीतीने एकावर एक थर चढत जाऊन आपला सह्याद्री व सारे पठार तयार झाले. शिलारसाच्या दोन थरांमध्ये सापडलेला तो तळ्याच्या गाळाचा पातळ थर, यालाच भूशास्त्रज्ञ आंतरस्तर म्हणतात. आमच्या मुलींस पुस्तकाच्या पानांत पिंपळाचे पान ठेवण्याची हौस असते. काही महिन्यांनी पुस्तक उघडावे, तो पानाची जाळी तेवढी शिल्लक राहिलेली असते. दख्खनच्या पाषाणग्रंथातील अशी जाळीदार पाने हिस्लॉप यांनी उघडून पाहिली.

त्यांच्या स्वभावातील एक गुण येथे विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. जे सापडले त्याचे ठिकाण व थर ते नोंदवून ठेवीत. आणि ज्या वस्तूचे ज्ञान आपणास नाही, तिच्याविषयी पांडित्य न मिरविता ती त्या विषयातील जाणत्याकडे धाडून देत. नागपूरच्या परिसरातील भूस्तरांविषयी हिस्लॉप व हंटर यांचा निबंध लंडन येथील भूशास्त्र-संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली, नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या मांगली येथील खडकांतून मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने केले व तिला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. हिस्लॉप यांनी जमविलेल्या प्राचीन वनस्पतींचा अभ्यास चार्ल्स बनबरी यांनी करून तो १८६१ साली छापला. त्या वनस्पतींमध्ये ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांचा समावेश होता. या पानांचे महत्त्व पुढे दिसून येईल.

आता हिस्लॉप यांस क्षणभर नागपुरास ठेवून आपण त्या काळच्या प्राणिशास्त्राकडे वळू. सस्तन प्राणी, म्हणजे पिलांस अंगावर पाजणारे प्राणी, यांची वर्गवारी कशी लावावी, हा प्रश्न तेव्हा विद्वानांपुढे होता. वरवरचे रूप पाहून वर्ग लावू गेल्यास कशी फसगत होते, हे आपल्या घरातच पाहावयास मिळते. रात्री भिंतीच्या कडेने चिरचिर करीत पळणाऱ्या चिचुंद्रीस पुष्कळ लोक उंदीर समजतात. परंतु उंदराचे पुढील दात पटाशीसारखे, कुरतडण्याजोगे व जन्मभर वाढणारे असतात. चिचुंद्रीचे दात मात्र बारीक व अणकुचीदार, किडे पकडून चिरडण्यास योग्य असे असतात. सबब उंदीर व चिचुंद्री एका घरात राहत असली, तरी ती एका कुळातील नव्हेत. कूळ ओळखावयाचे तर अंगावरील केसांपेक्षा तोंडातील दात अधिक विश्वासू साक्षीदार ठरतात. शिवाय दात हा शरीराचा सर्वांत कठीण भाग असल्यामुळे हाडे नाहीशी झाली तरी तो कोट्यवधी वर्षे टिकू शकतो.

याहून मोठी फसगत शिशुधान प्राण्यांच्या बाबतीत झाली. कांगारूप्रमाणे ज्यांची पिले अगदी अपुऱ्या अवस्थेत जन्मतात व पुढे बहुधा आईच्या पोटावरील पिशवीत वाढतात, ते शिशुधान प्राणी होत. १८१७ साली, म्हणजे हिस्लॉप यांच्या जन्मवर्षीच, फ्रान्समधील महापंडित क्यूव्हिए यांनी आपला प्राणिसृष्टीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या प्राण्यांस मांसाहारी प्राण्यांच्या गणातील एक पोटविभाग म्हणून बसविले होते. परंतु शिशुधानांत गवत खाणारा कांगारू आहे, पाला खाणारा कोआला आहे, आणि मांस खाणारेही आहेत. टास्मानिया बेटावरील थायलासिन नावाचा प्राणी तर इतका लांडग्यासारखा दिसे की, तेथील वसाहतवाले त्यास लांडगाच म्हणत. आपल्याकडील लांडग्याच्या तोंडात ४२ दात असतात, कोळसुंद्याच्या तोंडात ४०, आणि त्या थायलासिनच्या तोंडात ४६ असत; शिवाय त्याच्या टाळूच्या हाडात दोन मोठी छिद्रे असत व मादीच्या पोटाशी पिशवी असे. म्हणजे रूप लांडग्याचे, परंतु नाते कांगारूशी. सारख्या प्रकारे शिकार करून जगणाऱ्या दोन भिन्न कुळांतील प्राण्यांस सारखे रूप प्राप्त झाले होते. माणसांनी मेंढ्यांचा शत्रू म्हणून त्याची बेसुमार शिकार केली, आणि होबार्ट येथील प्राणिसंग्रहालयात १९३६ साली शेवटचा ज्ञात थायलासिन मरण पावला.

आज सस्तन प्राण्यांचे तीन मुख्य विभाग मानतात. पहिला, अंडी घालून पिलांस दूध पाजणाऱ्यांचा. यात प्लॅटिपस व काटेरी एकिडना एवढेच उरले आहेत. दुसरा शिशुधानांचा, यांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत. तिसरा, ज्यांचे पिलू गर्भाशयात वारेच्या आधारे दीर्घकाळ वाढते त्यांचा. यात चिचुंद्री, वटवाघूळ, गाय, हत्ती, देवमासा आणि आपण मनुष्ये अशी उरलेली सर्व मंडळी येतात. दुसऱ्या व तिसऱ्या विभागांचे पूर्वज सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच परस्परांपासून वेगळे झाले होते, असे प्राचीन अवशेषांवरून दिसते.

परंतु शिशुधान प्राणी मुख्यत्वे ऑस्ट्रेलियात व अमेरिकेतच का आढळावेत? हिंदुस्थानच्या रानांत आज एकही शिशुधान प्राणी का असू नये? या कोड्याच्या उत्तराचा एक धागा नागपूरच्या मातीतून निघतो. हिस्लॉप यांच्या संग्रहातील ग्लॉसोप्टेरिसची पाने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि बर्फाच्छादित अंटार्क्टिका येथील खडकांतही सापडतात. मांगलीच्या ब्रॅकिऑप्सच्या कुळातील प्राणीही ऑस्ट्रेलियात मिळाले आहेत. यांसारख्या अनेक पुराव्यांवरून ठरले की, हे सर्व देश एके काळी एकाच विशाल भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडास गोंडवन हे नाव मिळाले, ते मध्य प्रांतातील गोंड लोकांच्या भूमीवरून. ज्या गोंडांच्या चालीरीती, भाषा व लिंगोचे गीत हिस्लॉप यांनी परिश्रमपूर्वक टिपून ठेवले, त्यांचेच नाव अर्ध्या पृथ्वीच्या इतिहासास लागले.

हा भूखंड हळूहळू दुभंगला. हिंदुस्थानची भूमी सुमारे १२ ते १३ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांपासून सुटून उत्तरेकडे सरकू लागली आणि पुढे मादागास्करापासूनही वेगळी झाली. शिशुधान प्राणी दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियास गेले, ते यानंतर पुष्कळ काळाने. अंटार्क्टिकाजवळील सीमूर बेटावर १९८२ साली शिशुधानांचे प्राचीन अवशेष मिळाल्याने या मार्गास बळकट पुरावा लाभला. ते त्या वाटेने चालले होते, तेव्हा आपली भूमी तेथून केव्हाच निघून गेली होती. आगगाडी सुटल्यावर फलाटावर येणाऱ्या उतारूस ती कशी मिळावी?

हिस्लॉप यांस यातील पुष्कळसे ज्ञात होणे शक्य नव्हते. खंडे सरकतात ही कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी पुढे आली. त्यांच्या काळी शिलारसाच्या थरांचे वयही कोणास नेमके ठरविता येत नव्हते. आंतरस्तरांचा काळ त्यांनी जो मानला, तो पुढील संशोधनाने अधिक मागचा ठरला. हा त्यांचा अंदाज चुकला, असे आम्ही स्पष्ट म्हणतो, कारण थोरांच्या चुका झाकून ठेवणे हे चरित्र लिहिण्याचे प्रयोजन नव्हे. अनुमान चुकले, तरी नमुने व नोंदी खऱ्या होत्या. म्हणूनच पुढील पिढीस ती चूक दुरुस्त करिता आली.

१८६३ साली मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या समवेत हिस्लॉप हे नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले. दिवस पावसाळ्याचे होते. ४ सप्टेंबर रोजी घोड्यावरून परत येत असता, पुराने फुगलेला एक ओढा ओलांडताना त्यांचा बुडून अंत झाला. वयाची शेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास केवळ चार दिवस उरले होते. पत्नी, मुले, शाळा, आणि अर्धवट राहिलेले लेखन हे सर्व मागे राहिले. गोंड व इतर वन्य जमातींविषयीचे त्यांचे कागद टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. पुढे १८८३ साली नागपुरात कॉलेज स्थापन झाले, त्यास त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षे लोटली. सध्याच्या तेलंगण राज्यातील नासकल या गावाजवळ तशाच एका आंतरस्तराचा अभ्यास गुंटुपल्ली प्रसाद व अशोक साहनी हे भारतीय शास्त्रज्ञ करीत होते. असा अभ्यास हातोड्याने होत नाही. पोतीच्या पोती गाळ आणून तो पाण्यात भिजवावा लागतो, बारीक चाळणीतून धुवावा लागतो, आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडावे लागतात. जणू तांदळातील खडे निवडावयाचे, फरक इतकाच की येथे खडे टाकून न देता त्यांतच धन शोधावयाचे. त्या कणांत मोहरीच्या दाण्याएवढे दात निघाले. त्यांच्या उंचवट्यांवरून व खाचांवरून ठरले की, ते किडे खाणाऱ्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे असून तो शिशुधानांच्या बाजूचा नसून वारेच्या आधारे वाढणाऱ्या, म्हणजे आपल्याच, बाजूचा होता. महाकाय सरड्यांच्या अखेरच्या, म्हणजे क्रिटेशस, कालखंडातील, भारतात सापडलेला हा पहिला सस्तन प्राणी. १९८८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले व त्यास डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी असे नाव देण्यात आले. पहिल्या शब्दाचा अर्थ दख्खनचा लुटारू, आणि दुसरा शब्द आमच्या चरित्रनायकाच्या स्मरणार्थ योजिलेला. शांतवृत्तीच्या शिक्षकाचे नाव लुटारूस मिळाले, हे पाहून हिस्लॉप स्वतःही हसले असते!

पुढे त्याच गावी अशा प्राण्यांच्या घोट्याची हाडे मिळाली व त्यांवरून तो झाडांवर चढणारा असावा असे अनुमान निघाले. नासकल येथे आणखीही एक निराळे कूळ सापडले. त्याचे आप्त मादागास्कर व दक्षिण अमेरिका येथे आढळतात, ते आज सर्वस्वी नष्ट झाले आहे, आणि त्याच्या शास्त्रीय नावातही गोंडवन हा शब्द गुंफलेला आहे. बेटासारख्या एकाकी पडलेल्या आपल्या भूमीवर डेक्कनोलेस्टिसचे पूर्वज कोणत्या वाटेने आले, याविषयी विद्वानांत अद्याप वाद चालू आहे. हा वाद मिटविणारा दात कदाचित एखाद्या खाणीच्या कडेला पडलेला असेल.

येथे आम्हांस आपल्या गावाविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात. गेल्या काही दशकांत आमच्या भागातील अनेक टेकड्या भरावासाठी व खडीसाठी फोडल्या गेल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, ती तर आमच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांदेखत पाहिली आहे. बंदर व रस्ते यांवर आमच्या घराघरांची भाकरी अवलंबून आहे; त्याविषयी तक्रार करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु डोंगर फुटतो तेव्हा त्याच्या आतील पाने काही दिवसच उघडी राहतात, आणि मग ती खडी होऊन जातात. दोन काळ्या थरांमध्ये एखादा मातकट, पातळ थर कोठे दिसला, तर धोक्याच्या कड्याजवळ मुळीच न जाता, त्याची जागा व तारीख वहीत लिहून शिक्षकांस कळवावी. आमच्या खाडीपलीकडे मुंबईतील अशाच आंतरस्तरात सापडलेल्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन ओवेन यांनी १८४७ साली केले होते, हे ध्यानात असू द्यावे.

हिस्लॉप यांनी तो दात पाहिला नाही, तो प्राणी पाहिला नाही, आणि आपले नाव त्यास लागेल हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. त्यांनी शाळा सांभाळली, वाटेवरील दगड उचलला, तो कोठे मिळाला ते खरे लिहून ठेवले, आणि कळले नाही ते जाणत्यास विचारले. एवढे काम आमच्या शाळेतील लहानातल्या लहान मुलास व मुलीसही करिता येण्याजोगे आहे. त्यांनी ते आजपासूनच आरंभावे, एवढीच आमची इच्छा आहे.